सभागृह दिले, ते योग्यच केले



जूनच्या अखेरच्या रविवारी कच्च्या कैद्यांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या स्वयंसेवकांना आपण मंडळाचे सभागृह दिले. तेव्हापासून कार्यालयात पत्रे येत आहेत आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावरही बराच ऊहापोह झाला. मंडळ राजकारणात ओढले जात आहे, अशी काळजी काही ज्येष्ठ सभासदांनी व्यक्त केली. मंडळावरील त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. कार्यकारिणीतही एकमत नव्हते, निर्णय बहुमताने झाला. पण झाला तो योग्यच झाला, असे आम्हाला वाटते.

आधी ज्याची सर्वाधिक चर्चा झाली, ते. एका वक्त्याने फादर स्टॅन स्वामींचा उल्लेख केला. ते आपल्याच बंगळुरातल्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे अनेक वर्षे संचालक होते. ५ जुलै २०२१ रोजी, भीमा कोरेगाव खटल्यात अटकेत असताना आणि जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या खटल्याबद्दल मंडळाचे काही मत नाही आणि असूही नये. आपल्या सभासदांत सर्व विचारांची माणसे आहेत. सभेचा विषय तो खटला नव्हता.

आणि राजकारणाचेच म्हणाल, तर आणीबाणीतली २६ जून १९७५ची सकाळ आठवा. संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरात आलेले चार खासदार इथेच पकडले गेले. वाजपेयी आणि अडवाणी जनसंघाचे, श्यामनंदन मिश्र संघटना काँग्रेसचे, आणि मधु दंडवते समाजवादी, राजापूरचे खासदार. त्यांची बाजू घेऊन न्यायालयात उभे राहिलेले वकील रामा जोईस पुढे स्वतःच तुरुंगात गेले. दंडवते इथल्या मध्यवर्ती कारागृहात सुमारे दीड वर्ष होते आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. नवरा-बायकोचा संसार त्या काळात पत्रांवर चालला. इथल्या त्याच कारागृहात अभिनेत्री स्नेहलता रेड्डी होत्या. दम्याने हैराण झालेल्या या बाईंना जानेवारी १९७७मध्ये पॅरोलवर सोडले आणि पाचच दिवसांत त्या गेल्या. त्या कारागृहाची जागा म्हणजे आजचे शेषाद्री रोडवरील फ्रीडम पार्क. आपल्यापैकी कितीतरी जण रोज तिथून जातात. बंदिवानांसाठी धावपळ करणे हे एका पक्षाचे काम आहे, असे निदान या शहरातल्या माणसाने तरी म्हणू नये.

'गुन्हेगारांची बाजू कशाला?' असेही विचारले गेले. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असा माणूस. सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारातले तीन! त्यात जामीन मंजूर होऊनही आत राहिलेले आहेत, कारण जामीनदार मिळत नाही.

सभेत सांगितलेली एक हकिगत न आलेल्यांसाठी देतो. मराठवाड्यातला बांधकामावरचा एक मजूर. चोरीचा आरोप, जामीन मंजूर, अट स्थानिक जामीनदाराची. भाऊ गावाहून रात्रीच्या गाडीने सातबारा घेऊन आला. कचेरीत तो कागद उलटसुलट करून परत दिला गेला. उतारा मराठीत, जमीन दुसऱ्या राज्यातली. इथली पहाणी, म्हणजे इथला सातबारा, आणा म्हणाले. ती तो कुठून आणणार? पोरगा आतच राहिला. शेवटी स्वयंसेवक वकिलांनी अर्ज करून जातमुचलक्यावर त्याला सोडवले.

हेच १९७८मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याच्या बाबतीत घडले होते. दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारले. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला आणि परजिल्ह्याचा जामीनदार नाकारणे चूक ठरवले. ३१ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले की स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळे सुटका लांबते, तेव्हा अशी अट घालणे टाळावे. तरी मराठी सातबारा बंगळुरात कोणी वाचत नाही म्हणून माणूस तुरुंगात राहतो. हे मराठी मंडळाचे काम नव्हे, तर कोणाचे?

सीमाप्रश्नाच्या वातावरणात उगाच डोळ्यांवर येऊ नये, ही भीती आम्ही समजू शकतो. पण सभेला आलेले निम्म्याहून अधिक स्वयंसेवक कन्नड भाषक होते आणि मराठी मजुरासाठी खेटे त्यांनीच घातले.

खेद वाटतो तो उपस्थितीचा. पहिल्या तीन रांगाही भरल्या नाहीत. नाट्यप्रयोगाला जागेवरून वाद होतात आणि इथे पाहुण्यांसमोर रिकाम्या खुर्च्या. आक्षेप घेणाऱ्यांपैकीही फार थोडे आले होते. येऊन, ऐकून, मग विरोध केला असता तर त्याचे स्वागतच झाले असते.

आता कामाचे. मंडळ किंवा मंडळाच्या नावाने कोणीही जामीनदार राहणार नाही, हे स्पष्ट असू द्या. हवे आहेत ते सातबारा, शिधापत्रिका, घरची पत्रे यांचे कन्नड आणि इंग्रजीत भाषांतर करणारे सभासद. निवृत्त बँक कर्मचारी आणि महसूल खात्यात काम केलेल्यांनी तर नावे द्यावीतच. घरकाम करणाऱ्या बाईंना, सोसायटीच्या वॉचमनला, साइटवरच्या मुकादमाला एवढे सांगा, की कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर फोन करावा. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा वा फाशीचा नसेल, दुसरा खटलाही नसेल, तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९प्रमाणे तो सुटकेस पात्र ठरतो. गरीब कैद्याच्या जामिनासाठी केंद्राच्या २०२३च्या योजनेतून मदत मिळू शकते.

नावनोंदणीची वही गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकांशेजारी कार्यालयात ठेवली आहे. वर्गणी द्यायला याल तेव्हा तीही पाहा, आणि येताना वाचून झालेली मराठी पुस्तके आणा. तुरुंगातील वाचनालयासाठी ती रीतसर परवानगी घेऊनच पाठवली जातील.

— संपादक, कार्यकारिणीच्या वतीने