जलरंगात अन्‌डू नसतो

'स्वयंशिक्षित चित्रकार' म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. उपजत देणगी, कुणीही शिकवलं नाही, आणि एक दिवस नोकरीला रामराम ठोकून स्वारी कलेकडे! मला ही गोष्ट काही पटत नाही.

पुण्याच्या मिलिंद मुळीकांचंच बघा. शिक्षण इंजिनियरिंगचं (म्हणजे आपल्याच जातकुळीतले!), कला महाविद्यालयाची पायरी न चढता जलरंग शिकले आणि सगळं आयुष्य त्यातच घातलं. पण घरात वडील होते प्रताप मुळीक, 'अमर चित्र कथा' आणि 'नागराज'ची चित्रं काढणारे. म्हणजे वर्ग नव्हता, तरी काम करणारा हात रोज समोर होता. कॉलेज टळलं, मेहनत नाही.

आणि जलरंगाची मेहनत भलतीच. तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात फिक्यावर गडद चढतो, गडदावर फिका नाही. पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद, आणि तो कुठे सोडायचा हे ब्रश बुडवायच्या आधीच ठरवायचं. आमच्या जालन्यात मे महिन्यात आकाशाचा वॉश उजवीकडे नेईपर्यंत डावी बाजू वाळते आणि मधे पट्टा उमटतो! कागद किती ओला हवा, हे शेकडो कागद वाया घालवल्यावरच हाताला कळतं.

पुस्तक निदान सुरुवात तरी करून देतं. ज्योत्स्ना प्रकाशनाच्या पुस्तकांत मुळीकांनी चित्राचा एकेक टप्पा उघड करून दाखवलाय. आमच्या भाषेत, सोर्स कोड खुला केला. नुसतं तयार चित्र बघून गावाकडच्या पोराला 'हे आपलं काम नाही' वाटतं. टप्पे बघितले की 'करून तर बघू' वाटतं.

कुणी म्हणेल, टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात जलरंगाचे लाड कशाला? अहो, लागतं काय? रंगपेटी, ब्रश आणि वाटीभर पाणी. पण आपल्याकडे एलिमेंटरी, इंटरमिजिएट झाली, दहावीला वाढीव गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. "मार्क मिळाले ना, बास!"

माझं म्हणणं इतकंच, की अंबड, भोकरदन, मंठ्याच्या शाळांत गाईडांच्या शेजारी अशी दोन पुस्तकं ठेवा आणि वाया घालवायला भरपूर कागद द्या. देणगी-बिणगीचं नंतर बघू. काय म्हणता?