पडदा बदलला, शिकवणं बदललं का?



१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. तिथेच एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारायला घेतली. त्यासाठी कंपनीने ३४ लहान विमाने मागवली, ३१ पायपर आणि ३ डायमंड. नांदगाव पेठच्या माझ्या वर्गात मी अशा विमानाच्या कॉकपिटचे चित्र दाखवले, तर एक मुलगा म्हणाला, "सर, उडता उडता हा टीव्ही बंद पडला तं पायलट काय करीन?"

प्रश्न लाख मोलाचा आहे. जुन्या विमानांत समोर सहा गोल काटेवाली उपकरणे असत. वेग, उंची, चढ-उतार, दिशा, वळण आणि विमानाचा कल ती दाखवत. त्यांतली काही हवेच्या दाबावर चालत, काही भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या चाकावर. आता हे सगळे दोन पडद्यांवर येते. एक पडदा गेला तर त्याची माहिती दुसऱ्यावर घेता येते, शिवाय राखीव उपकरणेही असतात. खाली उतरल्यावर बिघडलेला पडदा अख्खा काढून दुसरा बसवतात. पण नुसते स्क्रू आवळून भागत नाही. त्या विमानाला लागू असलेले सॉफ्टवेअर तपासावे लागते, चाचणी घ्यावी लागते, नोंदवहीत परवानाधारक अभियंत्याची सही लागते.

आता खरी गोष्ट. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये लहान विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडदेवाल्या विमानांचे एकूण अपघात कमी होते, पण जीवघेण्या अपघातांचे प्रमाण जास्त निघाले. नुसता पडदा बसवून सुरक्षितता वाढल्याचे दिसले नाही. म्हणून, ज्या उपकरणावर उडायचे त्याचेच नीट प्रशिक्षण वैमानिकाला द्या, अशी शिफारस मंडळाने केली.

मला इथे आपला वर्ग आठवतो. फळा गेला, डिजिटल बोर्ड आला. लाईट गेली की तास थांबतो! बोर्ड वाईट नाही, मी स्वतः रोज वापरतो. पण बोर्ड बसवायला एक दिवस लागतो, आणि तो बसला म्हणजे काम झाले असे आपण धरून चालतो. चूक तिथेच आहे.

माझे म्हणणे एवढेच. आठवड्यातून एक तास बोर्ड बंद ठेवून घ्या. भोवरा फिरवून दाखवा, होकायंत्र हातात द्या, उंचावर हवेचा दाब का घटतो ते मुलांनाच सांगू द्या. पालकांनो, लेकराने पायलटच व्हावे असे नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन विमान देखभाल अभियंताही होता येते. तो पडदा बदलणारा हात आपल्या गावचा का असू नये?

त्या मुलाला मी म्हटले, "पडदा बंद पडल्यावर कामी येते ते डोक्यात असलेले." तेवढे डोक्यात घालणे आपले काम आहे.