चढावर इंजिन का दमतं?

मुलांनो, सोलापूरहून मुंबईला रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने तुमच्यातले कितीतरी जण गेले असतील. परत येताना कर्जतला गाडी थांबते, तेव्हा बहुतेक सगळे गाढ झोपलेले असतात. जागं राहिलंत तर मागून एक हलकासा धक्का बसलेला कळेल. गाडीच्या शेपटीला जादा इंजिनं जोडली जातात तो हा धक्का. रेल्वेतली माणसं त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात आणि अशी ती गाडी बोरघाट चढून लोणावळ्याला येते.

एवढ्या ताकदीच्या इंजिनाला मदत कशाला लागते बरं? आपण हिशेबच करू. पाटी-पेन्सिल घ्या.

बोरघाटात सगळ्यात तीव्र चढ ३७ला १ आहे. म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. दिसायला काहीच नाही! आपल्या शाळेचा जिना याच्या कितीतरी पट उभा असतो. पण गाडीचं वजन बघा. २४ डबे, प्रत्येकी साधारण ५० टन, म्हणजे १२०० टन. ३७ला १ चढावर या वजनाचा सदतिसावा हिस्सा गाडीला मागे खेचत असतो. १२०० भागिले ३७, झाले ३२ टन. आजचं मोठं विजेचं इंजिन स्वतः सव्वाशे टनांच्या आसपास असतं आणि लोखंडी चाक लोखंडी रुळावर धरून ठेवतं ते वजनाच्या साधारण पाव हिश्श्याएवढं. त्याहून जास्त जोर लावला की चाक जागच्या जागी गरगर फिरतं. सव्वाशेचा पाव हिस्सा म्हणजे ३१ टन. शिवाय इंजिनाला स्वतःचं वजनही वर न्यायचंय! आलं ना लक्षात?

या चढाची गंमत आपल्या सोलापूरशीही जोडलेली आहे. सोलापूरला रेल्वे आली १८६० साली. पण तेव्हा मुंबईहून निघालेल्या माणसाला सोलापूरपर्यंत सलग गाडीत बसून येता येत नव्हतं, कारण मधला घाट व्हायचा होता. खोपोलीला उतरायचं, पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीने खंडाळ्यापर्यंत चढायचं आणि तिथे दुसऱ्या गाडीत बसायचं! घाटाचा रेल्वेमार्ग सुरू झाला १८६३ साली. जेम्स बर्कली हे त्याचे मुख्य इंजिनियर. सुमारे १६ मैलांत १८३१ फूट चढायचं होतं, २५ बोगदे खणावे लागले. हजारो मजूर राबले, पटकीच्या साथीत त्यातले फार मेले. सॉलोमन ट्रेडवेल नावाचे कंत्राटदार १८५९ साली वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट पुरं करून घेतलं. हे नाव मुलींनी तरी लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

आता खेळातल्या रेल्वेकडे वळू. हा विषय घ्यायचं कारण असं की माझ्या वर्गातल्या एका मुलाला त्याच्या मामाने जुना विजेवर चालणारा रेल्वेचा संच दिला. त्याने हौसेने पूल केला. एका रुळावरून दुसरा रूळ नेला. गाडी अर्ध्या चढावर जाऊन थांबते आणि चाकं नुसती फिरतात. “बाई, इंजिन खराब आहे का?” तो रडकुंडीला आला होता. त्याचे बाबा म्हणाले, “बाई, करंट कमी पडतोय. स्कूटरची बॅटरी जोडून देतो.” बॅटरीचं पुढे सांगते, कारण ते फार महत्त्वाचं आहे. आधी चढ बघू.

या संचाचं माप ‘एचओ’ म्हणून ओळखतात. खऱ्याच्या ८७ पट लहान. खालच्या रुळावरून गाडी जायची, वर पुलाची जाडी, थोडी मोकळी जागा, म्हणजे वरचा रूळ निदान साडेसात सेंटिमीटर उंच हवा. ४०ला १ चढ ठेवला तर ७.५ गुणिले ४०, बरोबर ३०० सेंटिमीटर लांबी फक्त चढायला लागते. उतरायला पुन्हा ३००. आणि ६ फूट बाय ४ फूट प्लायवुडवर रुळाचा एक लंबगोल फेरा होतो जेमतेम ४५० सेंटिमीटरचा! म्हणजे पूल बसतच नाही. त्या मुलाने काय केलं होतं? एक मीटरमध्ये साडेसात सेंटिमीटर चढवलं होतं. म्हणजे जवळजवळ १३ला १. आपल्या माथेरानच्या छोट्या गाडीचा सगळ्यात तीव्र चढसुद्धा २०ला १ आहे. बिचारं इंजिन!

इंजिन किती डबे ओढेल याचा अंदाजही काढता येतो. समजा इंजिन २५० ग्रॅमचं आहे आणि त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतका, म्हणजे ५० ग्रॅम जोर लावतं. डबा १०० ग्रॅमचा, सपाटीवर त्याला ओढायला ३ ग्रॅम लागतात असं धरा. सपाटीवर १६ डबे झाले. ४०ला १ चढावर इंजिनाचे स्वतःचे ६ ग्रॅम गेले, उरले ४४. एका डब्याला ३ अधिक चढाचे अडीच, म्हणजे साडेपाच. ८ डबे. १३ला १ चढावर? इंजिनाचेच १९ गेले, डब्याला जवळजवळ ११ ग्रॅम. तीन डब्यांना ३१ उरलेत, पण ३३ लागतात. दोनच डबे चढतील! तुमच्या इंजिनाचे आकडे वेगळे येतील, पण करून पाहा. किराणा दुकानातला काटा मिळाला तर वजन करता येईल.

मग पूल करायचाच नाही का? करायचा, पण गाडी वर नेण्याऐवजी जमीन खाली न्या. प्लायवुडवर थर्माकोलचा जाड पत्रा अंथरा, त्यावर सपाट रूळ आणि पुलाखाली थर्माकोल कापून नदी करा. सीना म्हणा, भीमा म्हणा. चढ नाही आणि पूलही झाला. घाटच हवा असेल तर चार सेंटिमीटर उंचीवर एक छोटं ‘खंडाळा’ स्टेशन करा. ४०ला १ ने १६० सेंटिमीटर पुरतात. दर २० सेंटिमीटरला अर्धा सेंटिमीटर जादा उंचीचा टेकू, जाड पुठ्ठे एकावर एक चिकटवून. मात्र पहिला आणि शेवटचा टेकू जरा हळू चढवा. सपाटीवरून एकदम चढ सुरू झाला तर डब्यांचे आकडे सुटतात. आणि चढ शक्यतो सरळ रुळावर ठेवा. वळणावर चाकं रुळाला घासतात, त्याचाही भार इंजिनावर पडतो.

आता वीज. साध्या संचात दोन्ही रुळांतून डीसी वीज जाते, जास्तीत जास्त १२ व्होल्ट. एक रूळ धन, दुसरा ऋण. चाकांतून ती मोटरला मिळते. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, दोन तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी जाते. पण रुळांचे तुकडे पत्र्याच्या छोट्या खाचांनी जोडलेले असतात. तिथे गंज, धूळ बसली की प्रत्येक जोडावर थोडी वीज अडते. गाडी पेटीपासून लांब गेली की मंदावते आणि नेमका तिथेच चढ असला तर थांबते. चढावर मोटर जास्त वीज ओढते ना! १२ व्होल्टचा छोटा दिवा घ्या, गाडी चढावर चालू असताना चढाजवळच्या दोन रुळांना लावा. मंद पेटला तर दुखणं तिथे आहे. उपाय सोपा. फळीखालून जाड तारांची एक जोडी फिरवा, डाव्या रुळाला लाल, उजव्याला काळी आणि दर दीड-दोन मीटरवर रुळाला जोड द्या. रंग चुकवू नका.

खऱ्या रेल्वेतही हेच केलं होतं. १९३०च्या सुमारास पुण्यापर्यंत विजेची गाडी आली, तेव्हा वरच्या तारेत १५०० व्होल्टचा डीसी होता. तो लांबवर नेताना वाया जाई, म्हणून जवळजवळ सबस्टेशनं बांधावी लागली. आता तिथे २५,००० व्होल्टचा एसी आहे, त्याला सबस्टेशनं लांब लांब चालतात.

आता पालकांसाठी दोन शब्द. स्कूटरची किंवा मोटारीची बॅटरी रुळाला कधीही जोडू नका. तीही १२ व्होल्टचीच, मग काय बिघडलं असं वाटतं. बिघडतं ते अँपिअरमध्ये. गाडी रुळावरून घसरली की लोखंडी चाक दोन्ही रुळांवर आडवं पडतं आणि शॉर्ट होतो. खेळाची पेटी एखादा अँपिअर देऊन आपोआप बंद पडते. बॅटरी मात्र शेकडो अँपिअर ओतते. तार लाल होते, प्लास्टिक वितळतं, आग लागते. गाडी तर दिवसातून दहादा घसरते! भिंतीतल्या २३० व्होल्टपासून वीज घ्यायची ती फक्त संचाबरोबरच्या बंद पेटीतून आणि ती पेटी मुलांनी उघडायची नाही. त्या मुलाच्या बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्पच बसले. मग बॅटरी परत स्कूटरमध्ये गेली आणि पुलाचे टेकू निघाले.

आपल्या सोलापुरात आणखी एक शत्रू आहे. चादरींचं तूस! ते रुळांवर, आसांवर गुंडाळतं. आठवड्यातून एकदा वीज बंद करून साध्या खोडरबराने रूळ घासा, चाकं कोरड्या फडक्याने पुसा. निम्मे ‘बिघाड’ तिथेच जातात.

संच महाग असतो, सगळ्यांकडे नसतो. त्याने काही अडत नाही. सेलवर चालणारी साधी खेळण्यातली मोटार आणि एक मीटरची फळी घ्या. फळीच्या एका टोकाखाली एकेक वही सरकवत जा. मोटारीला दोऱ्याने काड्यापेटी बांधा, पेटीत खडे. कितव्या वहीला मोटार हरते, खडे वाढवले की काय होतं, वहीत मांडा. पुण्याला गेलात तर कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय जरूर बघा, ते १९९८ साली सुरू झालं. तिथे गेल्यावर चढ कुठे ठेवलेत आणि किती लांबवलेत, ते नीट निरखून घ्या.

पुढच्या अंकात गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर कशी जाते ते पाहू. तुमचे वह्यांचे आकडे मला कळवा.