आधी नियम तर वाचा!

पोकर दहा मिनिटांत शिकता येतो, असे त्याचे चाहते सांगतात आणि ते खोटे नाही. ज्यांना हा खेळ आपल्या घरात नको आहे, त्यांनीही ती दहा मिनिटे अवश्य खर्च करावीत. आपल्याकडे जुगाराविरुद्ध बोलणारा वक्ता बहुधा पत्त्यांना हात न लावता बोलतो. ‘हा सारा नशिबाचा खेळ’ असे त्याने म्हटले, की समोरचा तरुण मनातल्या मनात हसतो; कारण त्याला ठाऊक असते की हे विधान चूक आहे. वाद तिथेच हरलेला असतो.

पोकरचे प्रकार अनेक असले, तरी आज जगभर खेळला जातो तो मुख्यतः ‘टेक्सास होल्डेम’. बावन्न पत्त्यांचा एक कॅट. प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात. मग टेबलाच्या मध्यभागी पाच पाने उघडी मांडली जातात. प्रथम तीन एकदम, नंतर एक, शेवटी एक. ती सर्वांची. हातातली दोन आणि मधली पाच अशा सातांतून ज्याची पाच पाने सरस, तो डाव जिंकतो. सर्वांत खाली नुसते मोठे पान. त्यावर एक जोडी, दोन जोड्या, सारखी तीन पाने, सलग पाच पानांचा क्रम, पाचही बदाम किंवा पाचही किलवर असा ‘कलर’, मग तीन आणि दोन यांचा ‘फुल हाउस’, सारखी चार पाने आणि शिखरावर एकाच रंगातला सलग क्रम.

गणेशोत्सवात मांडवामागे जागरणाच्या निमित्ताने ‘तीन पत्ती’ खेळणाऱ्यांना (ही लाजिरवाणी गोष्ट लपवण्यात अर्थ नाही) येथे एक फरक जाणवेल. तीन पत्तीत साधा क्रम कलरवर मात करतो, येथे कलर क्रमावर. कारण निव्वळ गणिती आहे. पाच पानांच्या २५,९८,९६० संभाव्य हातांत साधे क्रम १०,२०० आणि कलर ५,१०८. तीन पानांत मात्र क्रम ७२० आणि कलर १,०९६. जे दुर्मीळ, ते श्रेष्ठ. शिक्षकाने वर्गात खुशाल सांगावे असे हे उदाहरण आहे. येथवर पोकर निष्पाप आहे.

खरा खेळ पुढच्या नियमांत आहे. दर डावाला दोघांना पाने पाहण्यापूर्वीच ठरावीक रक्कम टाकावी लागते; तिला ‘ब्लाइंड’ म्हणतात आणि ती पाळीपाळीने सर्वांवर येते. म्हणजे नुसते स्वस्थ बसूनही पैसे जातात. त्यानंतर पैशाच्या चार फेऱ्या: पैसे लावा, समोरच्याची बरोबरी करा, रक्कम वाढवा किंवा पाने टाकून बाहेर पडा. ‘नो लिमिट’ प्रकारात कोणत्याही क्षणी पुढ्यातली सर्व रक्कम लावता येते. हाती काही नसताना आव आणून दुसऱ्याला पळवून लावणे हेही नियमांत बसते.

यात कौशल्य आहे काय? निःसंशय आहे. पहिली तीन पाने उघडल्यावर आपल्याकडे चार बदाम जमले असतील, तर न दिसलेल्या ४७ पानांत नऊ बदाम उरतात. पुढच्या दोन पानांत पाचवा बदाम येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. हे जाणणारा त्या हिशेबाने पैसे लावतो, न जाणणारा आशेने लावतो. हजारो डावांनंतर पहिल्याचे पैसे वाढतात आणि दुसऱ्याचे संपतात. बुद्धिबळात कमी कुशल माणूस डाव हरतो. येथे तो पगार हरतो. कौशल्य आहे म्हणून खेळ निरुपद्रवी, हा युक्तिवाद म्हणूनच उफराटा आहे.

नशिबाचे काम एवढेच, की ते हा प्रवाह झाकून ठेवते. दोन एक्क्यांविरुद्ध दोन राजेसुद्धा पाचांतून साधारण एकदा जिंकतात. नवख्याला ती एक रात्र आयुष्यभर पुरते. २००३ मध्ये टेनेसीचा ख्रिस मनीमेकर नावाचा लेखापाल (आडनाव खरेच तसे आहे) इंटरनेटवरच्या पात्रता फेरीतून लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत पोहोचला आणि पंचवीस लाख डॉलर जिंकला. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. २००६ मध्ये ८,७७३. ते सारे मनीमेकर व्हायला आले होते.

या सर्वांत एकजण कधीच हरत नाही. टेबल चालवणारा दर डावातून स्वतःचा वाटा कापतो. त्याला ‘रेक’ म्हणतात. दहा जणांनी हजार-हजार रुपये आणले आणि रात्रभरात एकूण चाळीस हजारांचे डाव झाले, तर पाच टक्क्यांनी दोन हजार मालकाचे. दहा हजार आले, आठ हजार परत गेले. मग कौशल्य कोणाचेही असो.

आपल्या पूर्वजांना द्यूतातले कौशल्य ठाऊक नव्हते असे नाही. युधिष्ठिर द्यूतप्रिय होता, पण निष्णात नव्हता. शकुनी होता, आणि त्याने नेमके हेच हेरले. नलाने ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकून घेतले, तेव्हाच त्याला राज्य परत मिळाले. तरीही द्यूताची गणना व्यसनांतच झाली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त तर जुगाऱ्याला शेती करायला सांगते.

आपली न्यायालये मात्र दीर्घकाळ ‘कौशल्य की नशीब’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्याचे प्राबल्य मानले. पोकरला २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने जुगार ठरवले, तर २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कौशल्याचा खेळ मानले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा जो कायदा केला, त्यात हा भेदच बाजूला सारला: पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, त्याला बंदी. हे योग्यच झाले.

ज्या टेक्सासचे नाव या खेळाला मिळाले, तिथला कायदाही लक्षात घेण्यासारखा आहे. खासगी जागेत खेळणाऱ्याला तो बचाव देतो, पण अट अशी, की जिंकलेल्या पैशाखेरीज कोणालाही कसलाही आर्थिक लाभ होता कामा नये. म्हणजे बोट थेट रेकवर.

महाराष्ट्राने १९७६ मध्ये केलेला कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही. २०२३ मध्ये तो रद्दही झाला. पण शनिवारी पुण्या-कोल्हापूरहून निघालेल्या गाड्या पणजीला पोहोचतातच. मांडवीच्या पात्रातील कॅसिनो-जहाजांना ऑनलाइन खेळांचा कायदा लागू नाही. त्यांना गोव्याच्या स्वतःच्या कायद्याने परवाने मिळतात आणि शासनही त्यांच्याकडून शुल्क घेते. रेकचा एक रुपयाही न घेण्याची अट घातली, तर ही जहाजे मांडवीत किती दिवस नांगर टाकून राहतील, हे गोव्याच्या विधानसभेत कोणीतरी उभे राहून विचारले पाहिजे.