सड्यावर वारा एक, मालक अनेक

चाळकेवाडीच्या सड्यावर उभे राहिले तर पवनचक्क्या मोजता येतात, मालक नाही. कुणाची एक, कुणाच्या दोन. नव्या गुंतवणूकदाराची गाडी अडते ती इथेच.

हे का झाले, ते आपल्या धंद्यातल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. वनकुसवडे, चाळकेवाडी आणि मग सांगलीत ढालगाव, गुढे-पाचगणी इथे पैसा आला तो वाऱ्यासाठी कमी, घसाऱ्यासाठी जास्त. आयकरात पहिल्याच वर्षी शंभर टक्के, पुढे 80 टक्के घसारा. वर राज्याची विक्रीकर सवलत. मार्चअखेरच्या आत चक्की उभी राहिली की मालक खूश. पुढे ती किती फिरली याची चौकशी त्याचा सीएसुद्धा करीत नसे. 2003 मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने युनिटला साडेतीन रुपये, दरवर्षी 15 पैसे वाढ, असा 13 वर्षांचा दर बांधून दिला, तेव्हा कुठे युनिटला भाव आला. 2017 मध्ये घसारा 40 टक्क्यांवर उतरला आणि त्याच वर्षात लिलावाचा दर 3.46 रुपयांवरून 2.43 पर्यंत घसरला. कर वाचवणारा गिऱ्हाईक गेला.

आता जो येतो तो युनिटच विचारतो. आणि आपल्या उत्तम वाऱ्याच्या जागा अडवून बसल्यात 350 किलोवॅटच्या, सुमारे 33 मीटर व्यासाच्या चक्क्या. आजच्या तीन मेगावॅटच्या यंत्राचा व्यास 144 मीटर. वाऱ्याच्या दिशेत सात व्यास अंतर सोडायचे तर तिथे 231 मीटर पुरत होते, इथे हजार लागतात. म्हणजे एक नवी उभारायची तर शेजाऱ्यांच्या कितीतरी उतरवाव्या लागणार. केंद्राने रिपॉवरिंगचे, म्हणजे जुन्या चक्क्यांच्या जागी नव्या उभारण्याचे, धोरण 2016 मध्ये आणले, 2023 मध्ये सुधारले. पण शेजाऱ्याची सही धोरणाने मिळत नाही.

आणखी एक. चाळकेवाडीच्या चक्क्यांमुळे शिकारी पक्षी घटले आणि सरडे वाढले, असा शोधनिबंध 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. कर्ज देणाऱ्याचा पर्यावरण सल्लागार तो वाचूनच सातारा स्टँडवर उतरतो. आपण वाचलाय का?

आमचे म्हणणे सरळ आहे. अनुदानाच्या अर्जांचा कागद वाचवा. एका सड्यावरच्या मालकांनी एक कंपनी काढावी, मागच्या दहा वर्षांच्या युनिटांवरून हिस्से ठरवावेत आणि सबस्टेशन, रस्ते, जमीन एकाच करारात आणावी. वर्षाची बहुतेक वीज जून ते सप्टेंबरात होते. यंदाच्या पावसाळ्यातल्या दर दहा मिनिटांच्या नोंदी प्रत्येकाने जपून ठेवाव्यात आणि दिवाळीनंतर शेजारच्या मालकाला फोन करावा.