पोहोंचलेले किती आणि भेटलेले किती?

ख्रिस्ती संस्थांच्या हल्लींच्या अहवालांतून एक शब्द वारंवार डोकावतो. तो म्हणजे 'पोहोंचलों'. अमुक प्रवचन इतक्या लक्ष लोकांपर्यंत पोहोंचलें, अमुक प्रार्थना इतक्या देशांत पोहोंचली, अमुक चित्रफीत इतक्या वेळां पाहिली गेली, असें मोठ्या अभिमानानें सांगितलें जातें, आणि ऐकणारेहि माना डोलावितात. 'भेटलों' हा शब्द मात्र त्याच अहवालांत शोधूं गेल्यास बहुधा निराशाच पदरीं येते. इंटरनेटच्या द्वारें चालणारें धर्मकार्य आणि त्याच्याच द्वारें चालणाऱ्या चळवळी यांविषयीं आज जो उत्साह ओसंडून वाहत आहे, त्याचा सारा दोष या दोन शब्दांमधील अंतरांत सांठविलेला आहे असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि तें मांडण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

नव्या यंत्राला नाक मुरडणाऱ्यांच्या पंगतींत बसण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. ख्रिस्ती जगानेंहि हें यंत्र फार लौकर हातीं घेतलें. व्हॅटिकनचें संकेतस्थळ १९९५ च्या नाताळांत उघडलें. २००४ सालीं इंग्लंडांत मेथडिस्ट पंथाच्या साह्यानें 'चर्च ऑफ फूल्स' नांवाचें एक सर्वस्वी काल्पनिक चर्च संगणकाच्या पडद्यावर बांधण्यांत आलें. भाविकानें एका चित्ररूप बाहुल्याचें सोंग घेऊन त्यांत शिरावें, बांकावर बसावें, गुडघे टेकावे, अशी ती योजना होती. थोड्याच अवधींत कांहीं वात्रट मंडळी उपदेशपीठावर चढून शिव्या देऊं लागली आणि चालकांना बंदोबस्त करावा लागला! पुढें २००८ मध्यें अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यांतील लाइफ चर्चनें 'यूव्हर्जन' हें बायबलचें ॲप काढलें. २०२१ पर्यंत तें ५० कोटी यंत्रांवर उतरविलें गेलें होतें. त्यांत मराठी बायबलहि आहे. परगांवीं नोकरीस गेलेला एखादा अहमदनगरकडील तरुण आपल्या आजीच्या भाषेंतील शास्त्रवचन खिशांतल्या मोबाइलवर वाचतो, ही गोष्ट वाईट आहे असें कोण म्हणेल? ग्रंथ घरोघर नेणें हें टपालवाल्याचें काम आहे, आणि इंटरनेटसारखा टपालवाला पूर्वीं कधीं झाला नाहीं. आमची तक्रार टपालवाल्याविरुद्ध नाहीं. त्यालाच पाळकाची गादी देणाऱ्यांविरुद्ध आहे.

या उत्साही पक्षाचा आवडता युक्तिवाद असा : "साधन हें निर्दोष असतें. मुद्रणयंत्र नसतें तर लूथरचा आवाज विटेनबर्गच्या वेशीबाहेर गेला नसता. इंटरनेट हें आजचें मुद्रणयंत्र होय." दाखला मोठा दिमाखदार आहे, परंतु तो अर्धाच सांगितला जातो. १५१७ सालीं ज्या पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध लूथरनें लेखणी उचलली, तशींच पत्रें युरोपांतील खिळेछपाईच्या अगदीं आरंभींच्या कामांपैकीं एक होतीं. मायन्त्स येथें तीं १४५४–५५ च्या सुमारास छापलीं गेलीं. म्हणजे रोगहि त्याच यंत्रानें पसरविला आणि औषधहि त्याच यंत्रानें वांटलें. यावरून यंत्राची थोरवी सिद्ध होत नाहीं. यंत्र कोणाच्या हातीं आहे आणि तें कोणाच्या लाभासाठीं फिरतें हें आधीं विचारलें पाहिजे, एवढेंच सिद्ध होतें.

हा प्रश्न इंटरनेटला लावून पाहावा. 'ज्ञानोदय' १८४२ सालीं अहमदनगरास अमेरिकन मिशननें सुरू केला, तेव्हां त्याचा चालक कोण, त्याचें मत काय, हें महाराष्ट्राला उघड ठाऊक होतें; म्हणूनच त्याला तितकींच उघड उत्तरें मिळालीं. १८५७ सालीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जे वाद झाले, त्यांत वादी आणि प्रतिवादी एकाच वाळूवर, एकाच श्रोतृसमुदायापुढें उभे होते. श्रोत्याला दोन्ही बाजू ऐकाव्या लागत, आणि वक्त्याला समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून बोलावें लागे. कोणाचा विजय झाला या भांडणांत आम्ही पडत नाहीं. तो वाद माणसामाणसांतला होता, एवढें खास.

आज काय आहे? कोणाच्या पडद्यावर काय यावें हें बोलणाराहि ठरवीत नाहीं आणि ऐकणाराहि नाहीं. तें ठरविते एका व्यापारी कंपनीची गणितपद्धति. माणसाची नजर जितका वेळ खिळून राहील तितकी तिची जाहिरातींची कमाई वाढते, आणि नजर खिळवून ठेवण्यास शांतीपेक्षां संताप अधिक उपयोगी पडतो हें कोणाहि चावडीवर बसणाऱ्यास सांगावयास नको. या बाजारांत धर्माची काय गत होते याचें एक उदाहरण सांगतों. फेसबुक कंपनीच्या २०१९ मधील एका अंतर्गत टिपणांतील मजकूर २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. अमेरिकेंतील ख्रिस्ती लोकांत सर्वांत जास्त पसरलेलीं जीं २० पानें होतीं, त्यांपैकीं १९ पानें पूर्व युरोपांतल्या भाडोत्री टोळ्या चालवीत होत्या, असें त्यांत नमूद होतें. विसांपैकीं एकोणीस! सकाळीं उठून ज्या वचनापुढें भाविकांनीं 'आमेन' लिहिलें, तें वचन टांगणाऱ्याला ना वचनाशीं कर्तव्य, ना भाविकाशीं. 'पोहोंचणें' हीच जर सेवेची कसोटी असेल, तर अमेरिकेंतले सर्वांत यशस्वी ख्रिस्ती सेवक म्हणून या टोळ्यांचाच सत्कार करावयास हवा. ज्या कसोटीवर ठक आणि साधु सारखेच उतरतात, ती कसोटी फेंकून देण्यास आणखी कोणता पुरावा पाहिजे?

यावर उत्साही पक्ष २०२० सालाकडे बोट दाखवील. त्या वर्षीं साथीमुळें वसईपासून रोमपर्यंत चर्चचीं दारें बंद झालीं. २७ मार्चच्या संध्याकाळीं पोप फ्रान्सिस हे पावसानें भिजलेल्या, निर्मनुष्य अशा सेंट पीटर चौकांत प्रार्थनेस उभे राहिले, आणि सारें जग तें आपापल्या घरांतून पाहत होतें. तो प्रसंग हृदयाला भिडला हें आम्ही मान्य करतों. परंतु तो कशानें भिडला? तो चौक रिकामा होता म्हणून. ज्या जागीं माणसांचा समुद्र असावयाचा ती जागा ओस पाहून प्रत्येकाच्या काळजांत कळ उठली. त्या चित्रानें उपस्थितीची उणीव दाखविली. उपस्थितीवांचून भागतें असें दाखविलें नाहीं. दुष्काळांत कोंड्याच्या भाकरीनें जीव तगला म्हणून सुगीच्या दिवसांतहि कोंडाच रांधणारी गृहिणी आम्हीं अद्याप पाहिली नाहीं.

रोमच्या ख्रिस्तसभेनें २००२ सालींच इंटरनेटविषयींच्या आपल्या एका लेखांत स्पष्ट म्हटलें होतें कीं, संस्कार इंटरनेटवर होत नसतात. हें केवळ कर्मठांचें सोवळें नव्हे. ज्या धर्माचा मुख्य सिद्धांतच असा कीं, देवानें दुरून संदेश न पाठवितां स्वतः मनुष्यदेह धारण केला; ज्याच्या संस्थापकानें कुष्ठरोग्याला हात लावून बरें केलें आणि शिष्यांचे पाय स्वतः धुतले; त्या धर्माला देहाचें सान्निध्य ही गौण बाब मानतांच येत नाहीं. अन्य कोणा पंथाला दूरस्थ उपासना कदाचित् शोभेल. ख्रिस्ती मंडळीला ती शोभावयाची तर आधीं आपला मूळ सिद्धांतच बदलावा लागेल. पंढरीच्या विठ्ठलाचें दर्शन आतां मोबाइलवर होतें. तरीहि आषाढीला वारकरी पायींच निघतो. त्याला जें कळतें, तें मोठमोठ्या मंडळींच्या चालकांना कळूं नये याचें नवल वाटतें.

"मग अंथरुणास खिळलेल्या वृद्धेनें काय करावें? जेथें चर्चच बंद पाडलीं जातात तेथल्या भाविकांनीं काय करावें?" हा आक्षेप मात्र खरा आणि वजनदार आहे. तेहरानमधील फार्सी भाषेंत उपासना करणारें मोठें असेंब्लीज ऑफ गॉड चर्च २०१३ सालीं बंद करण्यांत आलें. अशा ठिकाणच्या माणसाला पडद्यावरून ऐकूं येणारी प्रार्थना हाच आधार असतो. त्याला आम्ही काय उपदेश करावा! परंतु हे आधार ज्यांना दुसरा उपायच नाहीं त्यांचे आहेत. लंगड्याची कुबडी पवित्र आहे. धडधाकटानें ती वापरल्यास मात्र त्याचे पाय वाळतात. आणि त्या वृद्धेचें नांव घेऊन जे हा सारा खटाटोप चालवितात, त्यांना आमचा एकच प्रश्न आहे : तिला पडदा दिल्यानंतर तिच्या घरीं जाणें वाढलें कीं थांबलें? वाढलें असेल तर आमची हार. थांबलें असेल, तर तो पडदा तिच्या सोयीसाठीं नसून आपल्या सोयीसाठीं होता हें प्रामाणिकपणें कबूल करावें.

आतां चळवळींकडे वळूं. येथें इंटरनेटनें ख्रिस्ती जगावर खरा उपकार केला आहे, आणि चमत्कार असा कीं, त्याच्याविषयीं अहवाल गप्प असतात. चर्चच्या आश्रयाखालीं ज्यांची विटंबना झाली अशा स्त्रिया २०१७ च्या नोव्हेंबरपासून 'चर्चटू' या खुणेखालीं आपल्या कहाण्या उघडपणें सांगूं लागल्या. सदर्न बॅप्टिस्ट हा अमेरिकेंतील सर्वांत मोठा प्रॉटेस्टंट पंथ. त्याच्या चर्चमधील अत्याचारांचा टेक्ससच्या वृत्तपत्रांनीं २०१९ सालीं पाठपुरावा केला, तेव्हां वीस वर्षांतील ७०० हून अधिक पीडित व्यक्ति उजेडांत आल्या. मे २०२२ च्या चौकशी-अहवालानें तर कळस केला. प्रत्येक मंडळी स्वतंत्र असल्यामुळें आम्हांला कांहीं करतां येत नाहीं, असें ज्या कार्यालयानें पीडितांना वर्षानुवर्षें ऐकविलें, त्याच कार्यालयांत ७०० वर आरोपितांची यादी गुपचूप ठेवली जात होती! तींच नांवें अखेर इंटरनेटवर सर्वांसमोर मांडावीं लागलीं. बोलण्याचें यंत्र म्हणून ज्यांनीं इंटरनेटला डोक्यावर घेतलें, त्यांना तें ऐकण्याचेंहि यंत्र आहे हें तोंपर्यंत सुचलें नव्हतें.

चीनमधील चेंगडू येथील पाळक वांग यी यांचें उदाहरण याहून निराळें आहे. डिसेंबर २०१८ मध्यें त्यांना अटक झाली आणि त्यांनीं आधींच लिहून ठेवलेलें निवेदन त्यांच्या मंडळीनें ४८ तासांनंतर प्रसिद्ध केलें. तें जगभर वाचलें गेलें. वर्षभरानें त्यांना नऊ वर्षांची शिक्षा झाली. त्या निवेदनाला वजन आलें तें कशानें? इंटरनेटनें त्याला पंख दिले, वजन मात्र तुरुंगानें दिलें. उलट, आरामखुर्चींत बसून बोटाच्या एका दाबानें दूरदेशच्या दुःखितांस 'पाठिंबा' देणाऱ्याचें काय जातें? दृष्टांतांतील याजकानें आणि लेव्यानें वाटेवरच्या त्या जखमी माणसाचें छायाचित्र काढून कळकळीच्या चार ओळींसह चोहोंकडे पाठविलें असतें, तर त्यांची हांक लाखों लोकांपर्यंत पोहोंचली असती. जखमी मात्र तेथेंच विव्हळत पडला असता. शोमरोन्यानें कोणालाहि कांहीं कळविलें नाहीं. त्यानें जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर त्याला घातलें आणि उतारशाळेच्या चालकाच्या हातावर दोन दीनार ठेवले.

मग प्रसिद्धि सर्वस्वी त्याज्य काय? मुळींच नाहीं. याचें उत्तर महाराष्ट्रांतच आहे. १८९६–९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि अनाथ स्त्रिया व मुली यांना घेऊन आल्या. केडगांवचें मुक्ति सदन त्यांतून उभें राहिलें. रमाबाईंनीं देशोदेशींच्या हितचिंतकांसाठीं इंग्रजींत पत्रकहि काढलें. त्यावांचून एवढा संसार चालता ना. परंतु तें पत्रक केडगांवासाठीं होतें. केडगांव पत्रकासाठीं नव्हतें. तें बंद पडलें असतें तरी त्या मुली तेथें जेवतच राहिल्या असत्या, निदान रमाबाईंनीं स्वतः उपाशी राहून त्यांना जेवूं घातलें असतें. आज ज्या कार्याची प्रसिद्धि उद्यां थांबली तर मागें कांहींच उरणार नाहीं, तें कार्य नव्हे. ती केवळ प्रसिद्धि होय.

म्हणून आमचें मागणें सरळ आहे. ख्रिस्ती संस्थांनीं आपल्या अहवालांत 'किती जणांनीं पाहिलें' या रकान्याशेजारीं 'किती जणांच्या घरीं गेलों' हा दुसरा रकाना काढावा. ज्या मंडळीला आपली उपासना दूरवर ऐकवावयाची असेल, तिनें ऐकणाऱ्याच्या आजारपणाची आणि मृत्यूची जबाबदारीहि स्वीकारावी. ती झेपत नसेल तर त्याला त्याच्या गांवच्या मंडळीकडे हात धरून न्यावें. आणि ज्या पडद्यावरून उपदेश होतो, त्याच पडद्यावर आपले हिशेब आणि आपल्याविरुद्धच्या तक्रारी यांनाहि जागा द्यावी. पहिला रकाना भरणें फार सोपें आहे, तो यंत्रच भरून देतें. दुसरा रकाना भरावयास चपला घालून घराबाहेर पडावें लागतें. आणि सेवा या शब्दाचा अर्थ आजवर तोच होत आला आहे.