डिकी लावताय? आधी किलोचं बोला!

पुण्यात नोकरी करणाऱ्या खान्देशी मंडळींचा एक ठरलेला प्रॉब्लेम असतो. घरी जाताना सॅक रिकामी आणि परत निघताना आईची फौज तयार! केळीचे वेफर्स, बिबड्या, कळण्याचं पीठ आणि भरताची वांगी. (जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली जीआय टॅग मिळालाय, उगाच नाही!) ट्रॅव्हल्सवाल्यांचं ठीक आहे. पण पुणे-जळगाव हे चारशेच्या आसपास किलोमीटर बाईकवर मारणाऱ्यांनी हे ठेवायचं कुठे?

उत्तर सोपं आहे, डिकी! म्हणजे सीटच्या मागे बसणारा तो टॉप बॉक्स. हेल्मेट, रेनकोट सगळं आत, वर कुलूप. पण बॉक्स विकत घेणं सोपं, तो नीट बसवणं अवघड.

माझा एक मित्र मूळचा पिंप्राळ्याचा. पिंप्राळा म्हणजे जळगाव शहरात केव्हाच मिसळून गेलेलं गाव. त्याच्या गाडीला बसेल असं रेडिमेड कॅरिअर मिळेना. मग दिवाळीच्या सुटीत त्यानं घराजवळचं फॅब्रिकेशनचं दुकान गाठलं. खिडक्यांच्या ग्रिल्स, गेट आणि दूधवाल्यांच्या गाड्यांचे स्टँड बनवणारं. मित्र मोठ्या टेचात म्हणाला, "पंचेचाळीस लिटरचा बॉक्स आहे." कारागिरानं विचारलं, "ते झालं भो, पण किलो किती भरशील?"

बॉस, सगळा फंडा या प्रश्नात आहे!

दूधवाल्याची गाडी आठवा. मोठाले कॅन दोन्ही बाजूंना, खाली, चाकाजवळ लटकलेले असतात. वजन भरपूर, तरी गाडी सरळ धावते. टॉप बॉक्सचं नेमकं उलटं. तो उंचावर आणि मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे. म्हणजे सी-सॉच झाला की! मागे वजन पडलं की पुढचं चाक हलकं होतं. वेग वाढला की हँडल थरथरायला लागतं, आणि अजिंठा घाटाच्या वळणावर गाडी मागून ओढल्यासारखी वाटते.

म्हणून त्या कारागिरानं आधी पुठ्ठा कापून नमुना केला आणि तो गाडीवर धरून पाहिला. बॉक्स जितका पुढे सरकवता येईल तितका सरकवला, फक्त मागे बसणाऱ्याची जागा सोडून. मग चौकोनी पाइपची फ्रेम, वर लोखंडी प्लेट आणि चार ठिकाणी पकड. नुसत्या ग्रॅब रेलवर भरवसा नाही, कारण ती धरायला असते, ओझं वाहायला नाही. सगळं वेल्डिंग फ्रेमवर, तेही ती गाडीपासून लांब ठेवून. गाडीच्या चेसिसला वेल्डिंग करायचंच नाही. उष्णतेनं पाइप कमजोर होऊ शकतो आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत वेल्डिंगच्या करंटनं ईसीयू उडू शकतो. फ्रेम गाडीला जोडली ती बोल्टनं. रुंद वॉशर, रबर आणि थरथरीनं सैल न होणारे नायलॉक नट. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळायचे, ही ताकीद फुकट!

आता कायद्याचं. २०२० मध्ये केंद्र सरकारनं बाईकवरच्या अशा हलक्या बॉक्ससाठी मापं ठरवून दिली. लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटर, यापेक्षा मोठा नको. बॉक्स मागच्या सीटच्या जागेवर असेल तर डबलसीट बंद! टेललाइट, इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकली जाणार नाही, हेही बघा.

हे सगळं एवढं काटेकोर कशाला? कारण बोल्ट तुटला तर बॉक्स आपल्या डोक्यात पडत नाही. तो पडतो मागून येणाऱ्याच्या चाकाखाली. आणि मागे बसलेली बायको किंवा बहीण त्याच बॉक्सला पाठ टेकून निवांत बसलेली असते. स्टायलिंगपेक्षा ही जबाबदारी मोठी आहे ना?

तेव्हा बॉक्सच्या आतलं कमाल वजनाचं स्टिकर वाचा. लिटर भरपूर असले तरी किलो मोजकेच असतात, आणि रिकाम्या बॉक्सचं नि फ्रेमचं वजनही गाडीच्याच खात्यात जमा होतं. मॅन्युअल बघून मागच्या टायरची हवा आणि सस्पेन्शन लोडप्रमाणे सेट करा. मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात पॉवर बँक आत विसरू नका. जड सामान दोन्ही बाजूंच्या सॅडलबॅगमध्ये सारखं वाटून, हलकं सामान डिकीत.

थोडक्यात काय, वांगी खाली आणि वेफर्स वर!